हिरमुसण्यातला म

थेरपिस्ट : आता नाराज चेहरा करा.

बाई : केलाय.

थेरपिस्ट : कधी?

बाई : तू आल्यापासून.

अहो : तिचं खरंय. मला इथून, चष्म्याशिवायसुद्धा दिसतोय.

थेरपिस्ट : काका, तुम्ही पेपर वाचा. बाई, आरशात बघा. ओठांची दोन्ही टोकं खाली ओढायची. डावं जातंय, मस्त. उजवं?

बाई : उजवं आधीच खाली आहे. त्या दिवशी सकाळी चूळ भरली आणि पाणी आपलं आपण अंगावर आलं, तेव्हाच ते खाली गेलं होतं. आता त्याला आणखी कुठे नेऊ, गुडघ्यापर्यंत?

थेरपिस्ट : लोंबणं वेगळं, ओढणं वेगळं. नस सुजलीय म्हणून उजव्या बाजूचे स्नायू झोपलेत. आपण त्यांना रोज हाक मारायची. ओरडायचं नाही, नुसती हाक. उठतील ते.

बाई : हाक मारून उठणारी माणसं माझ्या नशिबात नाहीत. शेजारी पेपर वाचतंय ते बघ.

अहो : मी जागा आहे. उठत नाही, एवढंच.

थेरपिस्ट : चला, पुन्हा. हे चित्र बघा, असा चेहरा करायचाय. नाराज.

बाई : हा मुलगा नाराज नाहीये.

थेरपिस्ट : खाली तसं छापलंय.

बाई : छापणाऱ्याला कळलेलं नाही. नाराज माणूस कुणावर तरी असतो. हा कुणावर दिसतोय तुला? खालचा ओठ पुढे आलाय, हनुवटीवर बारीक खळगे पडलेत, डोळे जमिनीकडे. हा हिरमुसलाय.

थेरपिस्ट : म्हणजे तेच ना?

अहो : आता गेलात तुम्ही. पुढच्या पेशंटला कळवून टाका, उशीर होईल म्हणून.

बाई : तेच कसं? भाजी करपली तर तुझा नवरा नाराज होईल. तू सिनेमाला नेते म्हणालीस आणि नेलं नाहीस, तर तुझं पोर हिरमुसेल. नवरा हिरमुसतो का भाजीवर?

अहो : भाजीवर अवलंबून आहे.

थेरपिस्ट : बाई, तुम्ही शाळेत असंच शिकवायचात? मी तर पहिल्याच बाकावर बसले असते. पण मला सांगा, आज या एका शब्दावर एवढं का अडलंय? परवा 'गाल फुगवा' म्हटलं तेव्हा गालावर काही नाही बोललात.

अहो : मी सांगू?

बाई : तुम्ही गप्प बसा.

अहो : शनिवारच्या गोष्टीत आहे तो शब्द.

थेरपिस्ट : कुठल्या शनिवारच्या?

अहो : ही शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मुलांच्या वाचनालयात गोष्ट सांगायला जाते. म्हणजे जायची. तोंडाला हे झालं आणि बंद पडलं. विचारलं की म्हणते, 'मला कुठे घाई आहे.' आणि न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून आत गोष्टीची तालीम करते. येत्या शनिवारी जायचा बेत आहे. मला सांगितलेला नाही.

बाई : तुम्ही दाराला कान लावता?

अहो : टाकीतलं पाणी संपलं म्हणून बघायला आलो होतो.

थेरपिस्ट : अहो बाई, मग हे आधी नाही का सांगायचं? आपण चेहऱ्याऐवजी बोलण्याचा व्यायाम जास्त घेतला असता. कुठली गोष्ट आहे?

बाई : गोगलगायीची. माझीच आहे, रचलेली. मुद्दाम गोगलगाय घेतली. म्हणून बघ, गो-गल-गाय. कुठेही ओठाला ओठ लावावा लागत नाही.

थेरपिस्ट : अरे हो!

बाई : प, फ, ब, भ, म. ओठ मिटले की येणारी अक्षरं. माझा उजवा ओठ मिटतच नाही. 'प' म्हटला की बाजूने हवा जाते, 'म' घसरतो. हळूहळू बोलले तर तुम्हाला कळतं. पण मुलांना हळू बोललेलं चालत नाही, त्यांना गोष्टीत आपटबार लागतात. तेव्हा जितकी ओठांची अक्षरं काढता येतील तितकी काढली. गोष्टीत आधी एक फुलपाखरू होतं, नाचणारं. त्याला काढून टाकलं आणि चतुर घेतला, तळ्यावर भिरभिरतो तो.

अहो : मला त्या फुलपाखराचं वाईट वाटलं. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

बाई : तर ही गोगलगाय चतुराचा नाच बघायला निघते. चालते, चालते. वाटेत तिला सगळे सांगतात, लवकर जा. ती म्हणते, लवकरच जातेय की. पोचते तेव्हा तळ्याकाठी कुणीच नसतं. नाच होऊन गेलेला असतो. आणि तिथे मला एका दमात, जोरात म्हणायचंय, गोगलगाय हिर... हिर-उसली.

थेरपिस्ट : म.

बाई : ऐकू आलं मला. शिक्षिका होते मी.

अहो : मी म्हटलं, 'खट्टू झाली' म्हण. ओठाला ओठ लागत नाही, काम होतं. तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाई : कारण खट्टू म्हणजे हिरमुसणं नव्हे. खट्टूला जरा चव असते. मला तर त्यात आंबट, 'खट्टा' ऐकू येतं. मूळ तेच असेल असं नाही म्हणत, माझ्या कानाला वाटतं. खट्टू झालेल्या माणसाची अजून समजूत काढता येते, तो त्याचीच वाट बघत असतो. आणि 'निराश' तर त्याहून लांबचा. निराश माणूस दिवसभर तुमच्याबरोबर बसून हसेल, खेळेल, तुम्हाला पत्ता लागणार नाही. हिरमुसलेल्याला ते जमत नाही. तो दिसतो.

थेरपिस्ट : आला कुठून हा शब्द?

अहो : हां, हे मला माहितीय. एक सोनार होता.

बाई : झालं सुरू.

अहो : त्याच्याकडे एक हिरा आला. त्याला वाटलं, सोनं वितळतं, चांदी वितळते, मग हिरा का नाही? वितळवू आणि हवा त्या आकाराचा करू. सोनं वितळवायचं भांडं असतं ना, मूस, त्या मुशीत ठेवला हिरा आणि फुंकली भट्टी. फुंकली, फुंकली. झाकण काढून बघतो तर आत काही नाही. हिरा जळून गेला. त्या सोनाराचं जे तोंड झालं ते बघून शेजारी म्हणाले, हिरा मुशीत गेला, हिर-मुसला!

थेरपिस्ट : काय सांगता! खरंच?

बाई : पोरी, खाली ठेव तो मोबाईल. कुणाला पाठवू नकोस. आत्ता चहा ढवळता ढवळता सुचलंय त्यांना.

अहो : ढवळताना नाही. साखर घालताना.

थेरपिस्ट : काका, मी खरं मानलं होतं हो. मग बाई, खरं काय?

बाई : मला माहीत नाही.

अहो : तारीख लिहून ठेवा.

बाई : खरंच नाही माहीत. शिकवत होते तेव्हा शोधलं होतं, मनाची खात्री पटेल असं काही मला सापडलं नाही. मला त्यात 'मुसमुसणं' ऐकू येतं. रडण्याच्या एक पायरी अलीकडचं. पण तेही कानाचंच. 'हिरमोड'बद्दल मात्र माझा एक लाडका अंदाज आहे. अंदाजच हं. हीर म्हणजे झावळीच्या पात्यातली मधली काडी, खराट्यात असते ती. ती मोडली ना, तरी पातं लगेच वाळत नाही. हिरवंच राहतं. नुसतं मान टाकतं. हीर मोडला तो हिरमोड.

अहो : आणि माझा सोनार तेवढा खोटा!

बाई : मी अंदाज म्हणून सांगितलं. तुम्ही शेजारीपाजारी सगळे उभे केलेत.

थेरपिस्ट : मला तुमची काडी आवडली. पण काकांच्या गोष्टीत मजा होती.

अहो : गंमत सोडा, पण अर्थ मला हिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक फ्रेम निवडतं, डोळ्यांवर चढवतं. आरशात बघायच्या आधीच त्याच्या तोंडावर एक तेज येतं. आपण आता कसे दिसतोय ते त्याने मनात बघितलेलं असतं. मग मी आरसा पुढे करायचो.

थेरपिस्ट : आणि?

अहो : आणि तेज जायचं. सावकाश नाही, एकदम. कुणी दिवा घालवल्यासारखं. हिरमुसायला आधी ते तेज लागतं बघा. ज्याला काहीच नको होतं, तो कसला हिरमुसतोय?

बाई : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

अहो : तू व्याख्या सांगत होतीस. मध्ये कसा बोलणार?

बाई : बरं बोललात पण. आणि एक बघ पोरी. 'मी निराश झाले' असं माणूस स्वतः सांगतं. 'मी हिरमुसले' असं सहसा कुणी सांगत नाही. तो शब्द समोरचा वापरतो. अगं, ती बघ कशी हिरमुसली. म्हणजे बघणारा लागतो.

थेरपिस्ट : मग चला, मी बघणारी. करा बरं तसा चेहरा. ओठ पुढे, हनुवटी वर.

बाई : डावीच येतेय.

थेरपिस्ट : ओढू नका. आठवा काहीतरी.

बाई : असं मागितल्यावर आठवत नाही गं.

(फोन वाजतो. बाई उठून घेतात.)

बाई : हॅलो... अगबाई, तुम्ही! आत्ता तुमच्या वाचनालयाचीच आठवण काढली. मीच करणार होते फोन, या शनिवारचं... नाही नाही, आधी तुम्ही बोला... हो का... कोण आहे हा मुलगा?... गिटार? अरे वा... नाचतातसुद्धा?... छानच की. मुलांना आवडलं म्हणजे झालं... दर शनिवारी, हो का... कायमचंच... नाही हो, मला कशाला वाईट वाटेल? बरं झालं उलट. माझी काळजीच मिटली. तुम्ही इतकं अवघडून काय सांगताय... हो, घेतेय औषधं... हो. ठेवते हं.

अहो : वाचनालयातून?

बाई : हो. एक तरुण मुलगा मिळालाय त्यांना. गिटार वाजवत गोष्ट सांगतो. दोन शनिवार झाले त्याचे. आता तोच येत जाईल म्हणाल्या. बरं झालं. नाही, चांगलं झालं, मुलांना नवं काहीतरी...

थेरपिस्ट : बाई, हलू नका.

बाई : काय झालं?

थेरपिस्ट : हलू नका, बोलू नका! हनुवटी! तुमची हनुवटी थरथरतेय. डावी नाही, उजवी! खळगे पडलेत उजवीकडे! काका, बघा, बघा, आले बघा!

बाई : माझी गोष्ट गेली आणि तू टाळ्या वाजवतेस?

थेरपिस्ट : सॉरी, सॉरी, बाई. पण मी किती वाट बघतेय याची! नस जागी होतेय. कदाचित आधीच झाली असेल, आपण जोर लावत बसलो म्हणून दिसत नसेल. एकदा आरशात बघा ना. जाईल ते.

बाई : नको मला आरसा.

अहो : राहू द्या. मी पाहिलं.

बाई : काय पाहिलंत? काही नाही झालेलं. मी काही हिरमुसलेली नाहीये. या वयात?

अहो : बरं.

बाई : नुसतं 'बरं' नका म्हणू.

अहो : मग काय म्हणू? तू तिला काय म्हणालीस? 'बरं झालं.' 'काळजीच मिटली.' मी नवरा असून मला खरं वाटलं असतं.

बाई : मग काय, फोनवर गळा काढू? तिची काय चूक? महिनाभर मी कळवलं नाही, गेले नाही. पोरांना कुणीतरी हवंच होतं.

थेरपिस्ट : मी बोलू एक? पेशंट मला फोनवर सांगतात, 'आता ठीक आहे, नका येऊ.' मी मानते आणि नाही जात. मग कधीतरी रस्त्यात भेटतात, तेव्हा बघते तर हात अजून वर जात नसतो. मला फोनवर काय दिसणार, बाई?

बाई : पण त्यांना आवडतोय तो. नाचतात म्हणे. त्यांच्यापुढे मी हे वाकडं तोंड घेऊन बसू? घाबरतील लहान मुलं.

थेरपिस्ट : माझ्याकडे येतात की लहान मुलं आई-आजीबरोबर. वाकडं तोंड दिसलं की आधी विचारतात, दुखतं का. नाही म्हटलं की खुर्चीखाली खेळायला जातात.

अहो : घाबरण्याचं म्हणशील, तर तू मलाही उजवी बाजू दाखवत नाहीस.

बाई : काहीतरीच काय?

अहो : जेवायच्या टेबलावर जागा बदललीस. आधी वाटलं, खिडकीचा वारा लागत असेल. मग गाडीत मागे बसायला लागलीस. मग टीव्ही बघताना ती उशी गालाशी. गेला महिनाभर मला एकाच बाजूची बायको दिसतेय.

बाई : तुमच्या लक्षात आलं होतं?

अहो : जन्म चेहरे बघण्यात गेला माझा. कोण कुठे वळतं ते कळायला मला चष्मा लागत नाही.

बाई : मग बोलला का नाहीत? एरवी तर तोंड मिटत नाही तुमचं.

अहो : हिरमुसलो होतो मी.

बाई : ...असं कुणी स्वतःबद्दल म्हणत नाही.

अहो : म्हणावं लागलं. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस.

थेरपिस्ट : मी... मी जरा पाणी पिऊन येते.

बाई : बस गं तू. पाणी इथेच आहे. अहो.

अहो : काय?

बाई : मला वाटलं, तुम्हाला बघवणार नाही.

अहो : तुला विचारायला काय झालं होतं?

बाई : 'बघवतं की' म्हणाला असतात. थट्टेत. मग खरं काय ते कसं कळलं असतं मला?

अहो : हं. ते आहे. माझीच सवय मला नडली.

बाई : आता बघताय ना?

अहो : बघतोय.

बाई : मग?

अहो : डोळा जरा मोठा दिसतोय. रागावलेल्या हेडमास्तरासारखा. बाकी तूच आहेस.

बाई : बघ पोरी, बघ! मिनिटभरसुद्धा नीट राहवत नाही या माणसाला.

थेरपिस्ट : हसताय तुम्ही. आणि उजवीकडे अगदी कणभर, मी छातीठोक सांगत नाही, पण...

बाई : राहू दे, उद्या बघ. तो फोन दे मला.

थेरपिस्ट : कुणाला करताय?

बाई : हॅलो... मीच बोलतेय, मघाशी ठेवला ना फोन, तो... नाही, तब्येत ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, तोंड अजून वाकडंच आहे. पण त्यासाठी नाही केला. मघाशी मी 'बरं झालं' म्हणाले ना, ते खरं नव्हतं... नाही, तुमचं काही चुकलं नाही. मीच कळवायला हवं होतं. मला या शनिवारी यायचं होतं. गोष्ट तयार आहे माझी. आणि तुम्ही त्या मुलाचं सांगितलंत, तेव्हा मी... थांबा, हळू म्हणते. हिर... हिर-मु-सले... हो. मी... ऐकू आला का नीट? सगळा शब्द आला?... अहो, पण तुम्ही का रडताय?... नका हो. तुम्ही रडलात तर मला कसं जमेल... हो... हो... त्याला चालेल का पण?... अगं बाई... बरं. बरं. ठेवते आता, नाहीतर माझंही...

अहो : काय म्हणाल्या?

बाई : म्हणाल्या, 'मला वाटलं, तुम्हालाच नकोसं झालंय. मघाशी तर आवाज किती खुशीत होता तुमचा.' आठवडाभर हा फोन करायला घाबरत होत्या म्हणे. आणि मुलं विचारतात, आजी कधी येणार. ते मला सांगितलं तर माझ्यावर दडपण येईल, म्हणून सांगितलं नाही.

थेरपिस्ट : म्हणजे दोघीही एकमेकींना जपत बसलात.

बाई : महिनाभर. काय म्हणायचं याला!

थेरपिस्ट : मग शनिवारी?

बाई : त्याची गाणी आधी, मग माझी गोष्ट. तो थांबेल म्हणाल्या. मला हवं असेल तर गोगलगाय चालताना मागे हळूहळू वाजवेल. मी म्हटलं, बघू. आधी त्याला गोगलगाय चालवून दाखवते, मग ठरवू.

थेरपिस्ट : बिचारा मुलगा.

बाई : बिचारा कसला? नाचवतो पोरांना. मला शिकायचंय त्याच्याकडून, ते कसं करतो. पण त्याला सांगणार नाही लगेच.

थेरपिस्ट : मी निघते आता, पुढचा पेशंट खरंच वाट बघत असेल. उद्या याच वेळी. आणि आज आता व्यायाम नको, भरपूर झाला.

बाई : तो चित्राचा कागद ठेवून जा. त्याखालचा शब्द मी दुरुस्त करून ठेवते.

थेरपिस्ट : करा. येते हं, काका.

अहो : या. सावकाश जा, पायरीला ओल आहे... गेली. गुणी आहे पोरगी. सोनाराची गोष्ट पाठवणार ती कुणालातरी, बघ तू.

बाई : पाठवू दे. अहो, शनिवारी तुम्ही येणार आहात ना?

अहो : बोलावलंस तर. मागे, दाराजवळ बसेन. पोरांच्या खुर्च्यांत मी मावत नाही.

बाई : दाराजवळ नको.

अहो : मग कुठे बसू?

बाई : कुठेही. मला दिसाल असे.